गुरांच्या मुलखातला भाजीबाजार

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात माणसांपेक्षा गुरं जास्त. लोकसंख्या साधारण 11 लाख, गाई-बैल मात्र 20 लाखांच्या पुढे. कुरणं संपता संपत नाहीत, पण इथली बरीचशी वासरं पुष्ट होण्यासाठी परराज्यांत रवाना होतात. त्यामुळे पशुपालकाला थेट गिऱ्हाईक भेटतं ते शेतकरी बाजारात.

मिझूला शहरातला असा बाजार 1972 पासून भरतो. जुन्या रेल्वे स्थानकासमोर, हिगिन्स रस्त्याच्या उत्तर टोकाला, शनिवारी सकाळी ताजी भाजी मांडली जाते. तिथल्या कित्येक गाळ्यांवर ह्मोंग कुटुंबं दिसतात. लाओसमधल्या युद्धानंतर, 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात ही मंडळी इथे येऊ लागली आणि भाजीपाल्यात त्यांनी चांगलाच जम बसवला.

थंडी कडाक्याची, म्हणून हंगाम मे ते ऑक्टोबर एवढाच. जुलै-ऑगस्टमध्ये फ्लॅटहेड तलावाकाठच्या चेरी येतात. त्याच सुमारास हकलबेरीही. हे जांभळं रानफळ शेतात लावून नीट येत नाही, डोंगरात फिरून वेचावं लागतं. साहजिकच भाव चढा.

गोमांस मात्र ताजं टांगलेलं दिसत नाही. तपासणी झालेल्या कत्तलखान्यातून आलेले, शिक्का असलेले गोठवलेले पुडे बर्फाच्या पेटीतून निघतात.

कधी तिकडे जाणं झालंच, तर सकाळी लवकर गाठा, कापडी पिशवी आणि सुटे पैसे जवळ ठेवा आणि जनावर कुठल्या कुरणावर चरलं, हे विक्रेत्याला बिनधास्त विचारा.