कुत्र्याचे पोट आणि त्याचा स्वभाव

कुत्रा चिडखोर झाला की त्याला बांधून ठेवावे, बांधून भागले नाही तर काठी दाखवावी, आणि काठीलाही तो जुमानेना तर कोठेतरी दूर सोडून यावे, असा आपल्याकडचा परिपाठ आहे. त्याचे पोट ठीक आहे की नाही, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

हैदराबादेतील माझ्या वर्गातला एक मुलगा एके दिवशी डोळे पुशीत माझ्यापाशी आला. म्हणाला, "सर, आमचा मोती वाईट झाला. काल तो माझ्या धाकट्या बहिणीच्या अंगावर धावून गेला. रविवारी बाबा त्याला मुसीपलीकडे सोडून येणार आहेत."

"तो खातो काय?" मी विचारले.

"उरलेली भाकरी. हल्ली तीही टाकतो आणि सारखी फरशी चाटतो."

"आणि बहिणीने काय केले होते?"

"पोटाला धरून उचलले होते."

या तीन उत्तरांत सारा विषय आला आहे. मुक्या प्राण्याला पोटदुखी बोलून दाखवता येत नाही. ती त्याच्या वागण्यातून बाहेर पडते. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठात सारखी जमीन चाटणाऱ्या १९ कुत्र्यांची तपासणी झाली, तिचा वृत्तान्त २०१२ साली प्रसिद्ध झाला. जिला खोड समजत होते, तिच्यामागे १४ कुत्र्यांत पचनसंस्थेचा विकार निघाला.

अन्न, आतडे आणि मन यांच्या नात्याचा एक दाखला तर आपल्या हैदराबादचाच आहे. कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा १९५८ साली येथे आली; आज ती राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने तारनाक्याजवळ उभी आहे. दख्खनमध्ये जवळजवळ ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग आढळे. त्यात त्वचा काळवंडते, जुलाब लागतात आणि मन खिन्न होते. कुत्र्यांत याच जातीचा 'काळी जीभ' हा रोग आहे. तोंड सुजते, लाळ गळते, अन्नावरची वासना उडते, रक्ती जुलाब होतात आणि कुत्रा मलूल होऊन पडतो. १९३७ साली अमेरिकेत एल्व्हेहेम यांनी निकोटिनिक आम्लाने, म्हणजे 'ब' गटातील एका जीवनसत्त्वाने, तो बरा करून दाखविला. पुढे १९६५ साली डॉ. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्वारीप्रधान आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांत तो रोग उत्पन्न झाल्याचे हैदराबादेतून जगापुढे मांडले. दोष ज्वारीचा नव्हे, केवळ ज्वारीवर राहण्याचा. डाळ, दूध, मांस यांची जोड मिळाली की तीच भाकरी पथ्याची ठरते.

यातील मर्म असे. अन्नातील ट्रिप्टोफॅन या घटकापासून शरीर हे जीवनसत्त्व काही अंशी तयार करते, आणि मनाची स्थिरता राखण्यास साहाय्य करणारे सेरोटोनिनही त्यापासूनच बनते. शिवाय आतड्याकडून मेंदूकडे मज्जातंतूंमार्फत अखंड निरोप जात असतात. ही वाट दुहेरी आहे. दिवाळीच्या फटाक्यांनी घाबरलेल्या कुत्र्याला जुलाब लागतात, ते याचमुळे.

मात्र एक सावधगिरी हवी. स्वभाव अकस्मात पालटला तर पिसाळण्याची शंका आधी मनात धरावी. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एरवी पशुवैद्याकडे जाताना कुत्र्याने काय खाल्ले, शौचास कसे झाले, कोठे हात लावला असता तो गुरगुरतो, हे टिपून न्यावे. आहार आठवडाभरात हळूहळू बदलावा. कांदा-लसणाचे उष्टे आणि शिजलेली हाडे त्याच्यापुढे टाकू नयेत.

मोतीला काळी जीभ झालेली नव्हती. पोटात जंत झाले होते. औषध मिळाले, भाकरीसोबत अंडे व डाळ मिळू लागली. तो रविवार आला आणि गेला. मोती घरीच राहिला. मुलीला मात्र त्याला पोटाशी धरून उचलायचे नाही, एवढे शिकावे लागले.