सिएरा नेवाडातील चिनी मजूर

अमेरिकेच्या पहिल्या आंतरखंडीय लोहमार्गाचा सॅक्रामेंटोहून पूर्वेकडे निघालेला भाग सेंट्रल पॅसिफिक कंपनीने १८६९ साली पूर्ण केला, आणि त्यावर राबलेल्या मजुरांत बहुसंख्य चीनच्या दक्षिणेकडील क्वांगतुंग प्रांतातून आलेले होते. सर्वांत बिकट काम डोनर खिंडीजवळील सुमारे ५०६ मीटर लांबीच्या समिट बोगद्याचे होते. तेथील ग्रॅनाइट इतका कठीण की, मधोमध उभी विहीर खणून चार तोंडांशी एकाच वेळी खोदकाम चालवूनही एकेका तोंडाशी दिवसाकाठी जेमतेम फूटभर प्रगती होई. एक मजूर पोलादी पहार धरून प्रत्येक घावानंतर ती किंचित फिरवी, इतर घण घालीत. पडलेल्या छिद्रात सुरुंगाची दारू, आणि पुढे नायट्रोग्लिसरीन हे नुसत्या धक्क्यानेही फुटणारे द्रव स्फोटक भरले जाई. जून १८६७ मध्ये सुमारे ३,००० चिनी मजुरांनी वेतनवाढ आणि कमी तासांसाठी शिस्तबद्ध संप केला, तेव्हा बांधकामप्रमुख चार्ल्स क्रॉकर यांनी त्यांची रसद तोडून तो मोडून काढला. ही कृती निर्दयच म्हणावी लागते, कारण गोऱ्या मजुरांना पगाराखेरीज मिळणारे जेवण चिनी मजुरांना एरवीही स्वखर्चानेच करावे लागे. पुढे १८८२ मध्ये चिनी मजुरांना अमेरिकेत प्रवेशबंदी करणारा कायदा संमत झाला.