‘गाभण’ या शब्दाचा अर्थ

गुरांच्या बाजारांत ज्या एका शब्दावर जनावराची किंमत चढते किंवा उतरते, तो शब्द म्हणजे ‘गाभण’. तोंडांत इतका रुळलेला हा शब्द नेमकें काय सांगतो, हें मात्र कोणी थांबून पाहत नाहीं. आणि त्या गैरसमजांत आमच्या शेतकरी बंधूंचे महिने व पैसे दोन्ही जातात, म्हणून हा लेख.

मूळ शब्द संस्कृत ‘गर्भिणी’. जिच्या पोटांत गर्भ आहे ती. प्राकृतांत त्याचें ‘गब्भिणी’ झालें, आणि पुढें जोडाक्षर मोडून आधींचा स्वर दीर्घ होऊन ‘गाभण’ उरलें. ‘सप्त’चें ‘सात’ व ‘कर्म’चें ‘काम’ याच रीतीनें झालें आहे. खुद्द ‘गर्भ’ शब्द यास्काचार्यांनीं निरुक्तांत धरून ठेवणें या अर्थाच्या धातूकडे नेला आहे. अलीकडील भाषाशास्त्रज्ञ ग्रीक भाषेंतील गर्भाशयवाचक ‘डेल्फिस’ हा त्याचा सगोत्र मानतात.

गंमत अशी कीं, एकाच शब्दाचीं दोन रूपें झाल्यावर पंडितांनीं जपलेलें रूप स्त्रीच्या वांट्यास गेलें आणि गोठ्यांतलें जनावराच्या. सुनेला कोणी गाभण म्हटलें तर घरांत भांडणच व्हावयाचें! पण त्याच ‘गाभ’ शब्दाच्या घरचा देवळाचा गाभारा मात्र पवित्र. तो मूळचा ‘गर्भागार’. केळीचा गाभा त्याच कुळांतला.

पशुवैद्यांच्या इंग्रजी ग्रंथांत या अवस्थेस ‘जेस्टेशन’ म्हणतात. तो शब्द लॅटिन भाषेंतला असून त्याच्या मुळाशीं वाहून नेणें ही कल्पना आहे. दुसरा शब्द ‘ग्रॅव्हिड’, म्हणजे जड झालेली. हा तर आपल्या ‘गुरु’ शब्दाचा भाऊबंद, आणि संस्कृतांतही ‘गुर्विणी’ आहेच. परकीय शब्दांनीं ओझें पाहिलें. आपल्या शब्दानें आंतला जीव पाहिला.

आणि येथेंच आमची तक्रार आहे. गाय वळूकडून फळविली किंवा कृत्रिम रेतन करविलें, कीं त्याच दिवसापासून तिला गाभण म्हणण्याची आपणांस खोड आहे. शब्द तर गर्भ असल्याची ग्वाही देतो, फळविण्याची नव्हे. गर्भ राहिला नाहीं तर सुमारें 21 दिवसांनीं गाय पुन्हां माजावर येते. तो माज ‘ही तर गाभण आहे’ या भरंवशावर कोणी पाहिला नाहीं, तर आणखी 21 दिवस वायां गेले. म्हशींत मुका माज फार. ती ओरडत नाहीं, म्हणून माज आलाच नाहीं असें समजूं नये. उलट कांहीं गाई गाभण असतांही माज दाखवितात, व अशा गाईस पुन्हां रेतन केल्यास ती गाभडण्याचें भय असतें. तेव्हां केवळ माजावरून दोन्हीं बाजूंनीं फसगत होते. बाजारांत वाढलेल्या पोटावर विश्वास ठेवून गाभणीची किंमत मोजणाऱ्यांची गोष्ट तर सांगावयासच नको; पोट चाऱ्यानेंही वाढतें.

खरी परीक्षा पशुवैद्याच्या हातची. फळविल्यावर दोन ते तीन महिन्यांनीं गुदमार्गांतून हात घालून तो गर्भाशय चांचपतो. ध्वनिलहरींच्या यंत्रानें महिन्याभरानंतरही गर्भ दिसूं शकतो. एवढें झाल्यावर फळविल्याच्या तारखेपासून दिवस मोजावे: गाईस सुमारें 280, म्हशीस 310, शेळीस 150. ती तारीख भिंतीवर कोळशानें कां होईना, लिहिलेली असावी. कारण विण्यापूर्वीं दोन महिने दूध आटविणें तिच्याच हिशेबानें करावयाचें असतें.

तोंवर कोणी विचारलें, तर ‘फळविली आहे’ एवढेंच सांगावें.