जमिनीच्या पोटाचा नकाशा मांडताना

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व भागात पाथर्डी हा तालुका आहे. 2024 पर्यंत या जिल्ह्याचे अधिकृत नाव अहमदनगर असे होते. गर्भगिरीचे डोंगर, मढीचे कानिफनाथांचे स्थान आणि मोहटादेवी यांमुळे पाथर्डीचे नाव दूरवर माहीत आहे. पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे येथे पाऊस बेताचा. दसरा-दिवाळी झाली की तालुक्यातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे निघतात. विहिरीला पाणी लागले तर घरच्या रानात रब्बीचे पीक उभे राहते, नाही लागले तर गाव सोडावे लागते. तेव्हा विहीर कोठे खोदावी हा प्रश्न येथे किती मोलाचा आहे, हे तुमच्या ध्यानात येईल.

या प्रश्नाचे उत्तर जमिनीच्या पोटात दडलेले असते. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा कातळ तयार झाला. हा कातळ घट्ट असला तर त्यात पाणी शिरत नाही. जेथे तो कुजून त्याचा मुरूम झाला आहे किंवा त्याला भेगा पडल्या आहेत, तेथेच पाणी साठते. म्हणून एका शेतात विहीर भरून वाहते आणि शंभर पावलांवरची दुसरी विहीर कोरडी राहते, असा प्रकार आपल्याकडे नेहमी दिसतो.

खोदण्याआधी आतला अंदाज घेण्याची एक पद्धत म्हणजे विजेची परीक्षा. जमिनीत धातूच्या चार सळया एका ओळीत, सारख्या अंतरावर ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून विद्युत्प्रवाह सोडतात आणि आतल्या दोन सळयांमध्ये किती विद्युत्‌दाब निर्माण होतो ते मोजतात. त्यावरून जमिनीची रोधकता काढता येते. सूत्र सोपे आहे. दाबाला प्रवाहाने भागायचे आणि आलेल्या उत्तराला सळयांमधील अंतराने व 2π ने गुणायचे. समजा, अंतर 20 मीटर, प्रवाह 0.1 अँपिअर आणि दाब 0.024 व्होल्ट आहे. करून पाहा, उत्तर सुमारे 30 ओम-मीटर येईल. ओली काळी चिकणमाती बहुधा 10 च्या आसपास किंवा त्याहून कमी आकडा दाखवते, पाणी धरलेला मुरूम साधारणपणे 20 ते 40 आणि घट्ट कातळ शंभरावर. सळयांमधील अंतर वाढवले की प्रवाह अधिक खोल जातो व अधिक खोलीची माहिती मिळते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ही महाराष्ट्र शासनाची संस्था भूजलाच्या शोधासाठी अशा पाहण्या करते.

आता खरी गोष्ट सुरू होते. समजा, पाथर्डीजवळच्या एखाद्या शिवारात पूर्व-पश्चिम 3 किलोमीटर आणि दक्षिणोत्तर 2 किलोमीटर एवढ्या पट्ट्यात 60 ठिकाणी अशी मोजणी झाली. वहीत 60 आकडे आले. नुसते आकडे पाहून कोणालाच काही कळणार नाही, म्हणून त्यांचा नकाशा करायचा. भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही सममूल्य नकाशे पाहिले आहेत, त्याच जातीचा हा नकाशा. धूमकेतूमुळे आपल्या परिचयाचे झालेले एडमंड हॅले यांनी 1701 साली अटलांटिक महासागराचा असा नकाशा छापला होता. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून कोठे किती ढळते, ते त्यातील रेषा दाखवीत. हॅले यांनी रेषा हाताने काढल्या, आपण संगणकाकडून काढून घेतो. त्यासाठी सर्फर, ओॲसिस मोंताज असे विकत मिळणारे प्रोग्रॅम आहेत. 2002 साली गॅरी शेरमन यांनी सुरू केलेला क्यूजीआयएस हा प्रोग्रॅम मात्र विनामूल्य मिळतो, शाळेतल्या संगणकावरही तो चालवता येईल.

संगणक प्रथम पट्ट्याचे छोटे छोटे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनासाठी आजूबाजूच्या मोजण्यांवरून एक आकडा अंदाजाने ठरवतो. जवळच्या मोजणीला जास्त महत्त्व, लांबच्या मोजणीला कमी. मग त्या चौकोनांत रंग भरतो. चित्र इतके गुळगुळीत आणि देखणे दिसते की इंच न् इंच जमीन कोणी तपासून पाहिली आहे असे वाटावे! पण हिशेब करा. 6 चौरस किलोमीटर म्हणजे 600 हेक्टर. त्यात मोजण्या 60. म्हणजे एकेका मोजणीच्या वाट्याला 10 हेक्टर, जवळजवळ 25 एकर जमीन आली. एखादा शेतकरी नकाशातील आपल्या दोन एकरांवर बोट ठेवून "येथे पाणी आहे ना?" असे विचारील, तेव्हा त्या दोन एकरांत एकही मोजणी झालेली नसण्याचाच संभव अधिक. यासाठी मोजणीची प्रत्येक जागा नकाशावर टिंबाने दाखवलीच पाहिजे. टिंबे घातली की चित्र थोडे विद्रूप होते, म्हणून पुष्कळ जण ती गाळतात. माझ्या मते टिंबे नसलेला नकाशा भिंतीवर लावण्यापुरताच चांगला.

याहून फसवे असतात ते नकाशाचे कोपरे. जेथे मोजणी संपली तेथेही संगणक थांबत नाही. सांगितलेला चौकोन पूर्ण भरेपर्यंत तो रंग ओढतच राहतो. शेवटच्या टिंबाच्या पलीकडचा भाग कोरा ठेवण्याची आज्ञा त्याला आपणच द्यायची असते.

आता रंगांकडे वळू. आपल्या 60 आकड्यांत सर्वांत लहान 8 आणि सर्वांत मोठा 240 आहे असे धरू. 0 ते 250 चे सारखे पाच भाग पाडले, तर 0 ते 50 हा पहिला भाग होईल. त्यात 8 ची चिकणमातीही गेली आणि 30 चा मुरूमही गेला. दोहोंना एकच रंग! उरलेले चार रंग कोरड्या कातळाचे प्रकार दाखवण्यात खर्ची पडले. त्याऐवजी प्रत्येक पायरी आधीच्या दुप्पट घ्यावी, म्हणजे 5, 10, 20, 40, 80, 160, 320. आता 20 ते 40 या आपल्या कामाच्या भागाला स्वतंत्र रंग मिळतो. आकडे तेच, मोजणी तीच, पण पहिल्या नकाशात न दिसलेली मुरमाची पट्टी दुसऱ्यात उठून दिसते.

रंग कोणते घ्यावेत हेही महत्त्वाचे आहे. पुष्कळ प्रोग्रॅम आपण काही न सांगता कमी आकड्याला गडद निळा आणि मोठ्या आकड्याला लाल रंग देतात. निळा रंग पाहिला की आपल्या मनात पाणी येते. पण येथे सर्वांत कमी आकडा चिकणमातीचा आहे. चिकणमाती पाणी धरते खरी, पण विहिरीला ते सोडत नाही. रंगाच्या ओढीने निळ्या भागात विहीर खोदली, तर पैसाही गेला आणि उन्हाळाही गेला. त्यापेक्षा मातीला करडा, मुरमाला हिरवा, कातळाला तपकिरी असे रंग द्यावेत आणि सूचीत आकड्यांबरोबर "बहुधा मुरूम" अशी नोंदही करावी. 'बहुधा' हा शब्द गाळू नये. रोधकतेवरून खडक ओळखणे हे अनुमान आहे, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट नव्हे.

एवढे झाल्यावर कागदाची मांडणी येते. पडद्यावरचा नकाशा आपण हवा तसा लहानमोठा करतो, पण कागदाचे माप ठरलेले असते. नेहमीचा ए-4 कागद आडवा धरला तर 297 मिलिमीटर लांब व 210 मिलिमीटर रुंद भरतो. 1:10,000 हे प्रमाण घेतले, तर 3 किलोमीटरचे 30 सेंटीमीटर होतात, म्हणजे नकाशा कागदाबाहेर जातो. 1:12,500 घेतले तर 24 सेंटीमीटर लांब व 16 सेंटीमीटर रुंद नकाशा बसतो आणि शीर्षक व सूची यांना जागाही उरते. या प्रमाणात कागदावरचा 1 मिलिमीटर म्हणजे शिवारातले साडेबारा मीटर. टोक बोथट झालेल्या पेन्सिलीचा ठिपकाही एखाद्या विहिरीपेक्षा मोठा पडेल!

अंकप्रमाणाबरोबर रेषाप्रमाणही का काढायला सांगतात, याचे उत्तर येथे मिळते. छपाईयंत्राने नकाशा गुपचूप नव्वद टक्के केला असे समजा. देवळापासून 6 सेंटीमीटरवर दाखवलेली जागा, म्हणजे खरे 750 मीटर, आता कागदावर 5.4 सेंटीमीटरवर येईल. 1:12,500 या आकड्यावर विश्वास ठेवून हिशेब केला तर 675 मीटर येतात. 75 मीटरचा फरक पडला आणि मुरमाची पट्टी अरुंद असेल तर आपण सरळ कातळावर जाऊन उभे राहिलो. रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबरच आकसते, म्हणून ते खोटे बोलत नाही. त्यातही एक मेख आहे. कोपऱ्यात आपण तालुक्याचा छोटा स्थाननकाशा देतो, त्याचे प्रमाण समजा 1:10,00,000 असते. क्यूजीआयएसमध्ये रेषाप्रमाण कोणत्या चौकटीचे, ते सांगावे लागते. ते चुकून छोट्या चौकटीला जोडले गेले तर अंतरे ऐंशी पटींनी चुकतात.

दिशेच्या बाबतीत पाथर्डीकर सुदैवी आहेत. पृथ्वीचा गोल कागदावर उतरवण्यासाठी सहा-सहा रेखांशांचे पट्टे पाडण्याची एक पद्धत सर्वत्र चालते. पाथर्डी 43 व्या पट्ट्यात येते आणि त्या पट्ट्याची मधली रेषा 75 अंश पूर्व ही आहे. पाथर्डी गाव आहे 75 अंश 11 मिनिटांच्या आसपास, म्हणजे मध्यरेषेला जवळजवळ खेटून. त्यामुळे नकाशाच्या चौकटीची उभी बाजू आणि खरी उत्तर यांत 4 कला म्हणजे मिनिटेसुद्धा फरक पडत नाही. पण संगणकाला पट्टा सांगताना 43 ऐवजी 44 लिहिले गेले, तर आपली साठही टिंबे सहाशेहून अधिक किलोमीटर पूर्वेला, छत्तीसगडातील बस्तरकडे जाऊन पडतील. एवढी मोठी चूक लगेच उघडकीस येते हे त्यातल्या त्यात बरे.

शीर्षकाला लोक शेवटी घाईघाईने हात घालतात. नुसते "रोधकता नकाशा" लिहून भागत नाही. सळयांमधील अंतर किती होते ते लिहिले नाही, तर नकाशा किती खोलीबद्दल बोलतो आहे ते कळणार नाही. महिना आणि वर्षही हवेच, कारण भाद्रपदात भिजलेली जमीन आणि वैशाखात तापलेली जमीन सारखा आकडा देत नाही.

विजेचे उपकरण नसले तरी असा नकाशा तुम्हाला करून पाहता येईल. मोठ्या माणसाला सोबत घेऊन गावातल्या पंधरा-वीस विहिरींतील पाणी जमिनीपासून किती खोल आहे, ते वजन बांधलेल्या दोरीने एकाच दिवशी मोजा. आलेखाच्या कागदावर त्या विहिरी योग्य प्रमाणात मांडा आणि प्रत्येकीशेजारी आकडा लिहा. त्याच आकड्यांवरून तुम्ही आणि तुमच्या मित्राने, एकमेकांचे न बघता, सारख्या खोलीच्या रेषा काढा. मग दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरा. जेथे तुमच्या रेषा जुळत नाहीत, तेथे आणखी एखादी विहीर आहे का ते शोधा आणि तिची खोली मोजून आणा.