पिक्सारकडून माझ्या माफक अपेक्षा

मैत्रिणींनो, नातवंडांच्या निमित्ताने मी पिक्सारचे सिनेमे बघू लागले. आता नव्या सिनेमाची वाट त्यांच्याहून मीच जास्त बघते!

२०२६ च्या 'टॉय स्टोरी ५'मध्ये खेळण्यांची गाठ टॅबलेटशी आहे. १९९५ पासून ही खेळणी पडद्यावर जिवंत होताहेत. माझं म्हणणं एवढंच, रात्री घर निजलं की त्यांनी आपलं आपण डब्यात जाऊन बसावं.

'इन्क्रेडिबल्स'च्या दुसऱ्या भागात, २०१८ साली, बायको कामाला गेली नि पोरं सांभाळताना नवऱ्याचे डोळे पांढरे झाले. तिसरा भाग २०२४ साली जाहीर झालाय. त्यात नवऱ्याला स्वतःचे मोजे स्वतःला सापडावेत. आणि तिचा तो रबरी हात एकदा तरी दिवाणखान्यातून गॅसपर्यंत पोचावा. दूध उतू जातंय हो!

'कोको'चा दुसरा भाग २०२९ साठी जाहीर झालाय. त्याच्याकडे मात्र मागणं नाही. २०१७ च्या पहिल्या भागात, ज्याचा फोटो घरात मांडलेला नाही, त्या पितराला सणाला घरी येता येत नाही. बघून आले आणि ट्रंकेत साड्यांखाली पडलेला आईचा फोटो काढून भिंतीवर लावला. तुमच्याही ट्रंकेत असेल एखादा. काढा बाई, २०२९ पर्यंत थांबू नका.