बुटातलं पाणी
(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)



आज मी गमबुटाबद्दल बोलणार आहे. हा काय बोलायचा विषय झाला, असं काहींना वाटेल. पण ज्यांची रावेर-यावलकडे केळीबाग आहे आणि रात्री दोनला लाईट आली की ज्यांना बॅटरी घेऊन पाणी भरायला निघावं लागतं, त्यांना तसं वाटणार नाही. पायातला बूट धड आहे की गळका, यावर त्यांचं बरंच काही अवलंबून असतं.

त्याचं असं झालं. मृगबाग लावायच्या वेळी मी शेतासाठी गमबुटांचा एक जोड आणला. जूनमध्ये घेतलेला जोड नवरात्राच्या आत गळायला लागला. आमचे सालदार म्हणाले, "सर, बूट डुप्लिकेट निघाले. पैसे पाण्यात गेले." मलाही ते पटलं. दुकानदाराकडे गेलो, तर तो म्हणाला, "बुटाला गॅरंटी नसते." घरी आलो. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे स्वस्थ बसवेना. शेवटी विळ्यानं एक बूट उभा चिरला आणि आतून पाहिला.

त्या एका बुटात चार भोकं सापडली. एक तळव्यात होतं. कापसाची पऱ्हाटी कापल्यावर जमिनीत जो तिरपा, टोकदार खुंट उरतो, तो खालून घुसला होता. ते समजण्यासारखं आहे. पण बाकीची तीन? एक घोट्याजवळ, जिथे बूट चालताना दुमडतो तिथे. दुसरं टाचेजवळ, आतलं कापडी अस्तर झिजून गेलं होतं तिथे. तिसरं अंगठ्यासमोर, आतून नखानं कोरल्यासारखं. आतला तळवा उचलला तर खाली मूठभर वाळलेली माती आणि बारीक खडे निघाले. म्हणजे चारपैकी तीन भोकं शेतानं नव्हे, आम्हीच पाडली होती.

हे कसं होतं, ते समजून घेऊ.

मुळात रबर हा फार लहरी पदार्थ. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होतं आणि थंडीत कडक होऊन तडकतं. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना असं आढळलं, की रबर गंधकाबरोबर तापवलं तर ते टिकाऊ होतं. त्या शोधाच्या आधारे १८५३ साली हायरम हचिन्सन यांनी फ्रान्समध्ये रबरी बूट करायला सुरुवात केली. तिथले शेतकरी तोवर लाकडी खडावांसारखी पादत्राणं घालून चिखलात काम करीत. शेतकऱ्याच्या गमबुटाचा कारखाना सुरू झाला तो असा.

आपल्याकडे आज मिळणारे स्वस्त बूट मात्र बहुतेक रबराचे नसतात, पीव्हीसीचे असतात. आणि पीव्हीसी म्हणजे काय, हे जळगावकरांना सांगायची गरज नाही. शेतातला पाइप त्याचाच. मग पाइप कडक आणि बूट मऊ, असं का? कारण बुटाच्या पीव्हीसीत तेलासारखा एक पदार्थ मिसळलेला असतो. त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. तो आहे तोवर बूट मऊ. उष्णतेनं तो हळूहळू बाहेर पडतो. डिझेल, रॉकेल आणि फवारणीच्या काही औषधांतली द्रावकं तर त्याला ओढूनच काढतात. तो गेला की बूट पुन्हा पाइपाच्या वाटेनं जातो, म्हणजे कडक होतो. आणि कडक झालेली वस्तू रोज एकाच जागी दुमडली की तिथेच चिरते.

खऱ्या रबराचा शत्रू थोडा वेगळा आहे. ऊन आणि हवेतला ओझोन वायू रबराला खातात, आणि जिथे रबर ताणलेलं असतं तिथे जास्त खातात. बूट दुमडून कोपऱ्यात फेकला, की घडीवरचं रबर रात्रंदिवस ताणलेलं राहतं. तिथे आधी बारीक रेघा दिसतात आणि मग त्याच रेघांतून पाणी शिरतं.

आता आपल्या खान्देशातलं चित्र आठवा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास. पावसाळा संपला की बूट कुठे असतात? मोटारीच्या खोलीत, पत्र्याखाली, डिझेलच्या डब्याशेजारी, दुमडून. म्हणजे बूट पाण्यात जेवढा झिजत नाही, तेवढा कोरड्या आठ महिन्यांत झिजतो.

राहिली आतली झीज. ती होते मापामुळे. सैल बुटात टाच प्रत्येक पावलाला वर-खाली होते. त्यात खडे असले की अस्तरावर पॉलिश पेपर घासल्यासारखं काम चालतं. पाय पुढे सरकतो, नख टोचतं आणि घोट्याजवळ बुटाला नको तेवढी घडी पडते. थंड समुद्रात उतरणारे पाणबुडे ड्रायसूट नावाचा पोशाख घालतात. अंगाला पाण्याचा थेंबही लागू नये म्हणून बऱ्याच ड्रायसूटच्या पायांना मोजे जोडलेलेच असतात आणि त्यावरून वेगळा बूट चढवतात. हा महागडा पोशाखही पुष्कळदा त्या मोज्यातच गळू लागतो. कारण तेच. मोजा आणि बूट यांच्यामध्ये अडकलेली वाळू, आणि सैल मोज्याला पडणारी घडी. समुद्र असो की केळीबाग, पायाचं गणित एकच.

"गळला तर गळला, पाय ओला होईल, एवढंच ना?" असं कुणी म्हणेल. एवढंच नाही. दिवसभर ओल्या बुटात राहिलेल्या पायाला चिखल्या होतात, कातडी फाटते. पायाला त्रास झाला की माणूस बूट काढून ठेवतो आणि अनवाणी शेतात उतरतो. खरा धोका तिथे आहे. सर्पदंश बहुतेक पायालाच होतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं दगावली, आणि त्यांतली बहुतेक खेड्यांतली होती. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आहेत. धुळ्याकडच्या माळावर दगडाआडचं फुरसं दिवसासुद्धा सहजी दिसत नाही, रात्री तर नाहीच. (साप चावलाच तर मांत्रिक नको, चिरा देणं नको, आवळून बांधणं नको. सरळ रुग्णालय गाठा.)

दुसरा धोका फवारणीचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषध श्वासावाटे जातं, तसं कातडीतूनही जातं. गळक्या बुटात शिरलेलं औषध दिसत नाही, वाऱ्यानं सुकत नाही. ते गरम, घामेजलेल्या कातडीला तासन्‌तास चिकटून राहतं. बूट घातला आहे म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि आत पाय औषधात भिजत असतो. म्हणून फवारताना पँट बुटाच्या आत खोचू नका, बुटाच्या बाहेरून सोडा. नाहीतर पँटीवरून ओघळणारं औषध थेट बुटात उतरतं.

आता, बूट गळतो की नाही हे ओळखायचं कसं? लक्षात ठेवा, आतून ओला झालेला प्रत्येक बूट गळका नसतो. आपल्या हवेत बंद बुटात घामच इतका येतो, की मोजा पिळून काढावा. म्हणून बूट पाण्यानं भरा, बाहेरून कोरडा पुसा आणि जुन्या वर्तमानपत्रावर तासभर उभा ठेवा. कागद कोरडा राहिला, तर तो घाम आहे. सुती मोजे घाला आणि दुपारी बदला. कागदावर डाग पडला, तर भोक आहे. मग बूट रिकामा करून सुकवा, अंधाऱ्या खोलीत आत बॅटरी लावा. भोक बहुधा चमकून दिसेल.

रबरी बूट असेल तर सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आणि ट्यूबचा तुकडा चालतो. आधी जागा कोरडी करून पॉलिश पेपरनं घासा. पीव्हीसीच्या बुटाला मात्र पाइप जोडायचं सोल्युशन लावू नका. ते घरात असतं, त्यामुळे हात तिकडेच जातो. पण ते वाळून कडक होतं आणि घडीवर पुन्हा तडकतं. मऊ प्लॅस्टिकसाठीचा वेगळा चिकटपदार्थ मिळतो, तो वापरा. ठिगळ लावलेला बूट पाणी भरायला चालेल, फवारणीला नाही.

ठेवायची रीत सोपी आहे. काम झालं की आत-बाहेर धुवा, फवारणीनंतर साबणानं धुवा. आतला तळवा काढून झटका. उन्हात किंवा चुलीजवळ नव्हे, सावलीत खुंटीवर उलटा वाळवा. उलटा ठेवला की विंचू आत शिरण्याचा संभवही कमी होतो. तरी घालण्याआधी झटकाच. पावसाळा संपला की आत रद्दी कोंबून, न दुमडता, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. आणि नखं कापा.

शेवटी मापाबद्दल. आमच्या शेतात तो एक जोड तीन माणसं घालत होती, सात नंबरचा पाय आणि दहा नंबरचाही. सगळ्यांना चालावा म्हणून मी मुद्दाम मोठा घेतला होता. म्हणजे डुप्लिकेट बूट नव्हता, माझी काटकसर होती. यंदा तिघांचे पाय कागदावर काढून घेतले, तीन जोड आणले आणि आत नावं लिहिली.

ते पाहून निंदणीला येणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "सर, आमच्या मापाचा मिळतो का?" सापाला आणि औषधाला बाईचा पाय वेगळा ओळखता येत नाही, हे माझ्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं. तालुक्याच्या बाजारात चार दुकानं फिरलो. बायकांच्या मापाचा जोड एकाही दुकानात नव्हता. शेवटी शाळकरी मुलाच्या मापाचा जोड त्यांना बरोबर बसला. तुमच्याकडे निंदणीला बायका येत असतील, तर बूट घ्यायला जाताना त्यांचंही माप घेऊन जा.