मुलांच्या फोनचा रिचार्ज निवडताना



मुलगी शिकायला एस.टी.ने आर्वी-हिंगणघाटला जाऊ लागली, की तिच्या हाती फोन द्यावा लागतो. जमीन पाहून आपण वाण निवडतो. रिचार्जही तसाच गरज पाहून निवडावा.

प्रथम आपल्या गावी, कॉलेजच्या गावी आणि वाटेवर कोणत्या कंपनीची रेंज मिळते, ते विचारून घ्या. रेंजच नसेल तर स्वस्ताई काय कामाची?

मग हिशेब करा. 28 दिवसांचा रिचार्ज वर्षातून 12 नव्हे, 13 वेळा भरावा लागतो. म्हणून रिचार्जच्या रकमेला दिवसांनी भागा. रोजचा खरा दर कळेल. फक्त बोलण्यापुरता फोन हवा असल्यास इंटरनेट नसलेला रिचार्ज मागा. तो ठेवणे ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना बंधनकारक केले आहे. अभ्यासाला इंटरनेट लागत असेल, तर रोजच्या मर्यादेचा रिचार्ज बरा. एका दिवसात सगळे संपत नाही.

सिम आईच्या किंवा वडिलांच्या नावे घ्या. कंपनी पटली नाही, तर नंबर तोच ठेवून ती बदलता येते. ही सोय 2011 पासून देशभर आहे. संकटात सापडलेल्या मुलांसाठीचा 1098 हा क्रमांक मुलीकडून पाठ करून घ्या.

रिचार्ज संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. शेवटची एस.टी. चुकली, तर पोरीचा फोन घरी लागलाच पाहिजे.